कर्ता नसलेलं वाक्य

कॅप्टन हॅलमने दार स्वतः लावून घेतलं, तेव्हाच विस्टिन झेराफाने हातातलं पेन खाली ठेवलं. ते दार एप्रिलपासून लागत नव्हतं. समोरच्या रस्त्यावर बॉम्ब पडला त्या दिवशी त्याची चौकट वाकली, आणि तेव्हापासून कचेरीतली गुपितंसुद्धा अर्ध्या उघड्या दारामागे बोलली जात. हॅलमने ते खांद्यावर उचललं, पायाने रेटलं, शेवटचा धक्का दिला. भिंतीतून चुनखडीची पूड झरली आणि त्याच्या खाकी बाहीवर बसली. त्याने ती झटकली नाही. त्याच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, खिळ्याने पाडावीत तशी वेडीवाकडी, आणि विस्टिन त्या भोकांकडे बघत राहिला, कारण तोंडाकडे बघायची त्याला एकाएकी भीती वाटली. अकरा वर्षं तो या कचेरीत भाषांतरकार होता. गव्हर्नरसाहेबांचं सरकार इंग्रजीत बोले आणि विस्टिन ते माल्टाच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगे. दिवे झाका, पाणी जपून वापरा, रॉकेल मंगळवारी मिळेल. गल्लोगल्ली भिंतींवर त्याची वाक्यं चिकटवलेली असत. त्यांखाली त्याचं नाव नसे.

"मसुदा आहे," हॅलम म्हणाला आणि अर्ध्या पानाचा टंकलेला कागद पुढे ठेवला. "कदाचित कधीच लागणार नाही. पण लागला, तर त्या दिवशी भाषांतर करत बसायला वेळ नसेल. इथेच बसा. नक्कल करायची नाही, घरी न्यायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही, हे सांगायला नको."

"नको, सर."

विस्टिनने वाचलं. पहिलं वाक्य होतं : बेट शत्रूच्या स्वाधीन करण्यात आले आहे. वर तारखेची जागा कोरी होती. म्हणजे टंकताना कोरी ठेवली होती. पण त्या जागेवर कुणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहून मग खोडलं होतं, आणि खिडकीतून येणारा ऑगस्टचा पांढरा उजेड कागदावर तिरका पडला तेव्हा खोडलेल्या अक्षरांचे चर दिसले. त्याला बघायचं नव्हतं. त्याने बघितलं. सप्टेंबरचा पहिला आठवडा. वेढ्यात अडकलेल्या बेटावरचं पीठ तेव्हा संपणार होतं तर. आज तीन ऑगस्ट, बेचाळीस साल. बाहेर बॅरक स्ट्रीटच्या ढिगाऱ्यावर कुणी बाई कुणाला तरी शिव्या घालत होती, की माझ्या पडक्या भिंतीचे दगड उचलून नेतोस, मेल्या. त्याने कागदावरून नजर काढून तिकडे कान दिला. तिला ठाऊक नव्हतं. बेटावरच्या जवळपास तीन लाख माणसांना ठाऊक नव्हतं, आणि त्याला होतं.

तो लिहायला लागला आणि पहिल्याच वाक्याशी अडला. करण्यात आले आहे. असली वाक्यं त्याने शेकड्यांनी केली होती. कर्ता नसलेली, टोपी काढून उभी राहिल्यासारखी वाक्यं. कोर्टकचेरीची भाषा अशीच चाले. पिढ्यान्‌पिढ्या ती इटालियन होती आणि तिचं वळण माल्टीत उतरवता येई. पण स्वयंपाकघरातल्या, बोटीवरल्या, पाद्र्यापुढे पापं कबूल करतानाच्या माल्टीत ते वाक्य उभंच राहीना. तिथे क्रियापद उच्चारलं की करणारा त्यातच बोले. मी दिलं, तू दिलंस, त्याने दिलं. लहानपणी बिरगूच्या शाळेत अर्तूर नावाचे एक पाद्री शिकवत. बुटके, तपकीर ओढणारे, इटालियन काव्यावर जीव असलेले. खडूने फळ्यावर टकटक करत ते म्हणत, पोरांनो, वाक्यात कर्ता सापडला नाही तर थांबा, कुणीतरी घाबरून लपलेलं आहे. पोरं बाकाखाली वाकून बघत आणि हसत. मागच्या वर्षी त्याच अर्तूर पाद्रींबद्दल विस्टिनकडे एक कागद आला होता. छोटासा प्रश्न. हा गृहस्थ घरी इटालियन बोलतो काय? शत्रूची भाषा. विस्टिनने खरं तेच लिहिलं. हो. त्या एका अक्षरानंतर काय झालं ते त्याला कुणी कळवलं नाही. हिवाळ्यात हद्दपार करून आफ्रिकेला पाठवलेल्या माणसांत ते होते, एवढं त्याने चर्चच्या पायरीवर ऐकलं. आपल्या एका अक्षरामुळेच ते गेले का, हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत नसणं हीच शिक्षा असेल, असं त्याला अधूनमधून वाटे. आत्ता या वाक्यासाठी त्याला अर्तूर पाद्रींनाच विचारायला हवं होतं.

त्याने पहिल्या वाक्याची जागा सोडली आणि उरलेली वाक्यं करून टाकली. ती सोपी होती. दहा मिनिटं लागली. "पहिलं उद्या करतो, सर," तो म्हणाला. हॅलमने कागद तिजोरीत ठेवला आणि दार उघडायला दोघांचे खांदे लागले.

तो राहायचा त्या ओर्मी गावापर्यंतची वाट तासाभराची होती. बस कधीच बंद पडल्या होत्या. उन्हात रस्ता पिठासारखा पांढरा दिसत होता. दगडी बांधांवर निवडुंगाची फळं पिकली होती आणि हाताला लागतील तेवढी सगळी केव्हाच तोडली गेली होती. फक्त वरची, काठीलाही न पोचणारी, तांबडीलाल उरली होती. भूक आता पोटात नव्हती. ती गुडघ्यांत आणि कानांच्या मागे होती. समोरून येणारी माणसं "काय विस्टिन, काही नवीन?" असं विचारत, जसं सगळे त्याला विचारत, आणि तो नेहमीसारखं "उद्या भिंतीवर वाचाल" असं म्हणे. आज ते म्हणताना त्याने पाय थांबवले नाहीत. हे सगळे लोक आपल्यापेक्षा लहान आहेत, झोपलेले आहेत, असं त्याला वाटलं, आणि पाठोपाठ या मोठेपणाची किळस आली.

त्याची मोठी बहीण नुन्झियाता दगडाच्या खाणीच्या तोंडाशी शेळीचं दूध काढत बसली होती. बिरगूचं घर पडल्यापासून ती, तिची मुलगी जोर्जा, जोर्जाचं चार महिन्यांचं बाळ आणि विस्टिन खाणीच्या खडकात खोदलेल्या एका कोनाड्यात राहत. आत ओल होती, रॉकेलचा आणि माणसांचा वास होता, आणि बाळाच्या डोक्यावर एक पत्रा टांगला होता, कारण छतातून पाणी ठिबके. जोर्जाचा नवरा तोफेवर होता. जोर्जाचं दूध जूनमध्ये आटलं. बाळ या शेळीवर जगत होतं.

"आलास?" नुन्झियाता मान वर न करता म्हणाली. "ते भिंतीवरचं तूच लिहिलंयस ना? 'शेळ्या जमा करण्यात याव्यात.' कुणी जमा करायच्या रे? शेळ्यांनी?"

"सरकारी स्वयंपाकघरांसाठी आहेत. लोकांनाच शिजवून देणार."

"ते कळलं मला. गुरुवारी येणारेत न्यायला. प्रवचनात पण सांगितलं, द्या म्हणून. मी देणारच होते. इतक्या लोकांच्या ताटात एक घास पडत असेल तर आपली शेळी काय सोन्याची आहे?" तिचे हात चालू होते. दुधाची धार बारीक होती, डब्याच्या तळावर तिचा टिणटिण आवाज येत होता. "फक्त एक सांग मला. हे अजून किती चालणार आहे? वर्षभर चालणार असेल तर तिला तरी काय खायला घालू मी? तशीही जाईल. पण थोडक्यात असेल, तर तेवढ्यापुरतं..."

"मला काय माहीत?"

"विस्टिन, तुला माहीत नसतं तेव्हा तू असं म्हणत नाहीस. तेव्हा तू मला तासभर शहाणपणा शिकवतोस."

आतून बाळ कुरकुरलं. ते मोठ्याने रडत नसे. मांजराच्या पिलासारखा आवाज करी, जणू त्यालाही कुणी जपून वापरा म्हणून सांगितलं होतं. विस्टिनने खडकाला हात टेकला. खडक दिवसभराच्या उन्हाने गरम होता. आपण शपथ घेतली आहे, असं त्याला वाटलं. आणि मग आठवलं, शपथ घेतलेली नाही. 'नको, सर' एवढंच म्हटलं होतं.

"शेळी देऊ नकोस," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. शेळीने मान वळवून मागे बघितलं. सरकारचा कागद लिहिणारा माणूस सांगत होता, की कागद पाळू नकोस. नुन्झियाताने त्याच्याकडे किती वेळ बघितलं हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं, मग भीती, मग आई वारली तेव्हा आला होता तसा एक सपाट शांतपणा.

"बरं," ती म्हणाली. मग दुधाचा डबा उचलत, "जेवून घे."

ती कुणाला काही बोलली नसणार. बोलायची गरजच पडली नाही. गुरुवारी शेळ्या न्यायला माणसं आली तेव्हा नुन्झियाताची शेळी जागेवर नव्हती, आणि शेजारची वितोरिन कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिचा भाऊ कचेरीत, आणि तिने शेळी लपवली, तर मी काय वेडी म्हणून देऊ?" संध्याकाळपर्यंत खाणीलगतच्या त्या गल्लीत एकही शेळी दिसेना. कुणी विहिरीच्या पायऱ्यांवर बांधली, कुणी पडक्या घराच्या न्हाणीत, कुणी पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी म्हातारा श्मून भटारी विस्टिनला बाजूला घेऊन हळूच विचारू लागला, "मी पाव भाजणारा आहे, माझी कुणाशी दुश्मनी नाही, हे इटालियनमध्ये अदबीने कसं म्हणायचं रे? जुनं विसरलो." विस्टिनने त्याला झिडकारलं. पण तो प्रश्न त्याच्या कानातून गेला नाही. त्याने तीन शब्द उच्चारले होते आणि ते आता माणसांच्या वागण्यात शिरून गल्लीभर हिंडत होते. अकरा वर्षांत भिंतीवरच्या त्याच्या कुठल्याच वाक्याचं असं तंतोतंत पालन झालं नव्हतं. शनिवारी दुपारी तो त्या गल्लीच्या सरकारी स्वयंपाकघरासमोरून जात होता. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या टोपात चमचा फिरवला, परत फिरवला, आणि वाढणारीला म्हणाला, "बाई, यात मांसाचा वास आहे, मांस कुठाय?" ती म्हणाली, "वासच खा आजोबा, आपल्या गल्लीतल्या शेळ्या आल्या नाहीत." माणसं हसली. विस्टिन भिंतीला धरून पुढे गेला.

सोमवारी हॅलमने परत दार रेटून लावलं.

"ओर्मीच्या एका गल्लीतून एकही शेळी आली नाही," तो म्हणाला. "बाकी गावातून आल्या. रडत, शिव्या देत, पण आल्या. तुम्ही तिथेच राहता ना?"

"हो, सर."

"लोकांना काहीतरी कळलंय. तुम्ही काही बोललात?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते वाक्य तयार होतं, तोंडात होतं. पण गेल्या आठवड्यापासून विस्टिनचं वाक्यांशी काहीतरी बिनसलं होतं.

"मी माझ्या बहिणीला म्हणालो, शेळी देऊ नकोस. घरात लहान बाळ आहे. एवढंच म्हणालो. पण एवढंच पुरलं."

हॅलमचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "लहान बाळं सगळीकडे आहेत, मिस्टर झेराफा. तोफांवर विशीची पोरं आहेत, ती दिवसाला दोन तुकडे पावावर उभी आहेत. तुमच्याच गल्लीचा टोप रिकामा राहिला. कळतंय का तुम्हाला?"

"मी तो टोप बघितला, सर."

"मी तुम्हाला आत्ता अटक करायला हवी." तो खुर्चीत बसला. बसताना त्याने म्हाताऱ्यासारखा टेबलाचा आधार घेतला; तो तिशीतला होता. "पण मग आणखी एका माणसाला तो कागद दाखवावा लागेल. आणि तुमचं पहिलं वाक्य अजून झालेलं नाही." त्याने तिजोरीतून कागद काढला. "करा. माझ्यासमोर."

"ते असं होत नाही, सर. 'करण्यात आले आहे' म्हटलं तर आमचे लोक विचारतील, कुणी केलं? भिंतीपुढे उभे राहून एकमेकांना विचारतील. त्या दिवशी त्यांना तरी ते स्पष्ट कळायला हवं."

"मग लिहा, माल्टाचे लोक शरण जात आहेत."

"लोकांनी बेट कधी आपल्या हातात धरलं होतं, सर, म्हणजे ते देतील? हे सरकार आलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, लढताना विचारलं नाही. देताना त्यांचं नाव कशाला?"

हे शब्द आपल्या तोंडून आले याचं विस्टिनला नवल वाटलं. तो राजकारणातला माणूस नव्हता. राजाच्या वाढदिवसाला तो टोपी काढत असे आणि ती मनापासून काढत असे. हॅलम खिडकीकडे बघत होता. बंदराचं पाणी निळं होतं, त्यात बुडालेल्या एका बोटीची डोलकाठी वर आली होती आणि तिच्यावर एक समुद्रपक्षी पंख साफ करत होता.

"माझे वडील शाळामास्तर आहेत," हॅलम एकदम म्हणाला. "हे त्यांना आवडलं असतं." मग म्हणाला, "लिहा, गव्हर्नर. 'गव्हर्नर हे बेट शत्रूच्या हाती देत आहेत.' खरं तेच आहे. देव करो आणि हे कुणाला वाचावं लागू नये."

विस्टिनने लिहिलं. आणि पेन उचलण्याआधी त्याच्या खाली, कुणी न सांगता, आणखी एक वाक्य लिहिलं. हे करताना तुम्हाला विचारलेले नाही. याची लाज तुम्ही बाळगू नये.

हॅलमने मसुदे शेजारी शेजारी ठेवले. "माझं एक वाक्य आहे. तुमची दोन दिसतात."

"आमच्या भाषेला जागा जास्त लागते, सर."

हॅलमला माल्टी वाचता येत नव्हतं. तो विस्टिनकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याला सगळं कळलं असावं, निदान काहीतरी आहे एवढं कळलं असावं. त्याने कागदावर शिक्का मारला.

त्यानंतरचे दिवस विस्टिनला धड आठवत नाहीत. तो चाले, लिही, खडकात पडून राही, आणि मनात ती दोन वाक्यं म्हणत राही. ती कुठल्या भिंतीवर लागतील ते तो ठरवत असे. चर्चच्या बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या नळापाशी, श्मूनच्या भट्टीच्या दारावर. लोक वाचताना थांबतील, दुसऱ्या वाक्याशी आल्यावर कुणीतरी डोळे पुसेल. दुःखाच्या त्या दिवसाची तो वाट बघत होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यात, सांता मारियाच्या सणाच्या सुमाराला, धान्य आणि तेल घेऊन जहाजं आली. पुष्कळशी वाटेत बुडाली होती. जी आली ती भोकं पडलेली, काळवंडलेली, एक तर पाण्यात इतकं खाली बसलेलं, की दोन बाजूंनी दोन लढाऊ जहाजांनी त्याला दारुड्याला काखेत धरून आणावं तसं धरून आणलं होतं. तटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं कमानींवर चढली होती, बायका रुमाल हलवत होत्या, खाली कुठेतरी बँड वाजत होता. विस्टिनही ओरडला, त्याचा घसा बसला, शेजारच्या अनोळखी माणसाने त्याला मिठी मारली आणि दोघं रडले. आणि त्या रडण्याच्या तळाशी, पाण्यात पाय ठेवल्यावर टोकदार दगड लागावा तसं, त्याला काहीतरी लागलं. आता ती वाक्यं कुणी वाचणार नव्हतं. क्षणभर, एकच क्षण, त्याला वाईट वाटलं. जहाजं आल्याचं वाईट वाटलं. त्याने त्या अनोळखी माणसाच्या मिठीतून स्वतःला सोडवून घेतलं, कारण आपल्याला स्पर्श करू नये असं काहीतरी आपल्या अंगाला लागलं आहे असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॅलमने दोन्ही मसुदे लोखंडी टोपलीत जाळले. राख चिमटीने कुस्करली. मग म्हणाला, "उद्यापासून तुम्ही पिठाच्या गोदामावर. इथे दुसरा माणूस येईल. याहून कमी मला करता येत नाही आणि याहून जास्त करायची इच्छा नाही." त्याने हात पुढे केला. विस्टिनने तो हातात घेतला. हात गरम होता, ताप असावा.

संध्याकाळी उजेड असतानाच तो खाणीवर पोचला. नुन्झियाता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, चिंधीचं टोक दुधात बुडवून त्याच्या ओठांशी धरत होती. त्याने तिला गोदामाचं सांगितलं. तिने चिंधी परत दुधात बुडवली.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"माझ्यामुळे. तू काय केलंस?"

"वितोरिन सकाळी तिची शेळी देऊन आली. जहाजं आली म्हणजे अजून टिकायचंय, म्हणाली. आणखी पाच-सहाजणींनी दिल्या. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही." तिने चिंधी पिळली. "या बाळाला डब्यातलं दूध मिळालं की मी पण देईन. पण आधी नाही. काय म्हणायचंय ते म्हणोत." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "काय होतं रे त्या कागदात? आता जाळलाच आहे तर सांग."

विस्टिनने इकडेतिकडे बघितलं. मग त्याने ती दोन वाक्यं म्हटली. त्यांच्या घरच्या भाषेत, हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत. आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःचं लिहिलेलं कुणाला तरी ऐकवत होता. नुन्झियाताचा हात बाळाच्या डोक्यावर थांबला. दुसरं वाक्य संपल्यावर तिने खालचा ओठ दातांत धरला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"लाज बाळगू नये, असं?"

"हो."

"असं आपल्याला कधी कुणी लिहिलं नाही." तिने बाळाच्या ओठांवरचं दूध पुसलं. आणि तेवढ्या वेळात विस्टिनला वाटलं, की झालं, एका माणसाने ऐकलं, एवढं पुरे. "मग पुढे काय होतं?" तिने विचारलं.

"पुढे काही नाही. नेहमीचंच. शांतता राखावी. अफवा पसरवू नयेत. दारं-खिडक्या बंद करून प्रत्येकाने आपापल्या घरात थांबावं."

नुन्झियाताने त्याच्याकडे बघितलं. मग वर, ओल झिरपणाऱ्या खडकाकडे, मग पत्र्याकडे, मग कोनाड्याच्या तोंडाशी दाराऐवजी टांगलेल्या पोत्याकडे.

"कुठल्या घरात, विस्टिन?" तिने विचारलं.

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ते वाक्य त्याने त्या दहा मिनिटांत, कुठेही न अडता, केलं होतं.